हिंगाच्या डबीतली गोळी

वय २६, लग्नाला दीड वर्ष, अजून मूल नाही. सासर जुळे सोलापुरात, माहेर बार्शीकडचं. नवरा युगांडात, कंपाला शहरात एका कारखान्यात हिशेबाचं काम बघतो. गड्ड्याच्या यात्रेला जोडून तो महिनाभराच्या रजेवर आला होता. तो परत गेल्यावर काही दिवसांनी तीही तीन महिन्यांसाठी तिकडे जाणार होती. विमानाला बरोबर पाच आठवडे उरले असताना, एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती माझ्या दवाखान्यात आली. प्रवासाआधीची तपासणी करून घ्यायची होती, कोणत्या लशी लागतात ते विचारायचं होतं. सोबत नणंद होती.

ही हकिकत तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, तास आणि वार मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण या प्रकरणात सगळं त्यांच्यावरच अवलंबून होतं.

परदेशी जाणाऱ्यांसाठी मी एक साधा कागद भरून घेते. कुठे जाणार, किती दिवस, आधीचे आजार, ॲलर्जी, चालू औषधं, शेवटच्या पाळीची तारीख. तिने सगळं नीट भरलं होतं. ‘चालू औषधे’ या ओळीसमोर लिहिलं होतं ‘काही नाही’. पाळीच्या तारखेवरून मोजलं तर त्या दिवशी सोळावा दिवस होता.

मी रक्तदाब घेत असताना नणंदेचा फोन वाजला, ती बाहेर गेली. दार लागताच ही घाईघाईने म्हणाली, “मॅडम, रविवारी रात्री निरोध फाटला. सोमवारी दुपारी ह्यांनी मेडिकलमधून ती ७२ तासांची गोळी आणली, मी लगेच घेतली. आता काही काळजी नाही ना?”

मी विचारलं, उलटी झाली का? नाही. रविवारी रात्री अकरा ते सोमवारी दुपारी तीन, म्हणजे १६ तास. गोळी लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची, तातडीच्या गर्भनिरोधनाची, नेहमीचीच. मी म्हणाले, “वेळेत घेतलीस. पाळी थोडी पुढेमागे होईल, आठवड्याहून जास्त लांबली तर तपासू.” तिने सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात नणंद आत आली आणि आम्ही लशींकडे वळलो.

हा दिलासा मी चुकीचा दिला होता. कागदावरचं ‘काही नाही’ मी खरं मानलं. दार बंद असतानाचं ते एक मिनिट मला मिळालं होतं आणि त्यात मी फक्त तासच मोजले.

चूक लक्षात आली ती मलेरियामुळे. युगांडात मलेरिया बारा महिने असतो आणि तो बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा असतो, म्हणजे जिवावर बेतू शकणारा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची क्लोरोक्विन तिथे उपयोगाची नाही. प्रतिबंधासाठी घ्यायच्या गोळ्यांत मेफ्लोक्विन हे एक औषध आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायचं असल्याने लोकांना सोयीचं वाटतं. पण ज्याला कधीही फिट आली असेल त्याला ते द्यायचं नसतं. म्हणून मी नेहमीचा प्रश्न विचारला, “कधी फिट, आकडी, चक्कर येऊन बेशुद्ध पडणं, असं काही?”

ती “नाही” म्हणाली. पण म्हणण्याआधी तिने नणंदेकडे पाहिलं.

वजन-उंची घ्यायची म्हणून मी तिला आतल्या खोलीत नेलं, नणंदेला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावलं. परत विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “इथे बोललेलं या खोलीबाहेर जात नाही. तुझ्या सासूबाईंनी विचारलं तरी नाही.” तिने पर्स उघडली आणि हिंगाची एक जुनी गोल डबी माझ्या हातावर ठेवली. आत कापसावर पांढऱ्या गोळ्या होत्या, स्ट्रिपमधून सोडवून ठेवलेल्या. स्ट्रिपवरचं नाव कुणी वाचू नये म्हणून. गोळ्यांना हिंगाचा वास लागला होता. मोबाईलमध्ये चिठ्ठीचा फोटो होता : कार्बामाझेपीन २०० मिलिग्रॅम, म्हणजे फिटची गोळी, सकाळ-संध्याकाळ. एकोणिसाव्या वर्षापासून. शेवटची फिट तीन वर्षांपूर्वी आलेली.

नवऱ्याला हे लग्नाआधीपासून माहीत होतं. बघण्याच्या कार्यक्रमानंतर तिने स्वतःच त्याला फोन करून सांगितलं होतं आणि त्याने लग्न मोडलं नाही. “आईला मात्र सांगू नको” एवढंच तो म्हणाला. दीड वर्ष ती रोज स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीवरून ही डबी काढून गोळी घेत होती. हे लिहिताना मला त्या घराचा राग येत नाही. आपल्याकडे फिट येणाऱ्या मुलीची सोयरीक मोडते, कांदा आणि चप्पल हुंगवली जाते, गंडे बांधले जातात. त्या भीतीने तिच्या आईने तिला डबीची युक्ती शिकवली असेल, तर ती आईही घाबरलेलीच होती.

आता ही डबी आणि सोमवारची गोळी यांचा काय संबंध, ते नीट सांगायला हवं, कारण हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी गर्भ पाडत नाही. ती बीज सुटणं पुढे ढकलते. बीज सुटलंच नाही तर शुक्राणूंना भेटायला काही नसतं आणि त्यांचं आयुष्य पाच-एक दिवसांत संपतं. म्हणून ती जितक्या लवकर घ्याल तितकी उपयोगी, आणि बीज सुटायच्या अगदी बेतात असेल किंवा सुटून गेलं असेल तर फारशी उपयोगी नाही. हिचा निरोध फाटला तो पाळीचा तेरावा दिवस होता. अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांची पाळी असलेल्या बाईसाठी याहून नाजूक रात्र सापडणं अवघड.

त्यात कार्बामाझेपीन. हे औषध यकृतातल्या एन्झाइम्सना कामाला लावतं आणि तीच एन्झाइम्स लेव्होनॉरजेस्ट्रेलचंही विघटन करतात. गोळी पोटात जाते, पण रक्तात ती जेवढी आणि जितका वेळ राहायला हवी तेवढी राहत नाही. फिटवरच्या फिनायटॉइन, फिनोबार्बिटोन या जुन्या औषधांचं हेच, क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनचंही हेच. असं औषध बंद केलं तरी त्याचा हा परिणाम साधारण चार आठवडे टिकतो. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्याही या औषधांपुढे कमकुवत पडतात. व्हॅल्प्रोएट किंवा लेव्हेटिरासेटॅम घेणाऱ्यांना ही अडचण येत नाही, मात्र व्हॅल्प्रोएट गर्भाला अपाय करतं, म्हणून तिथे गर्भनिरोधनाचा विचार आणखीच काटेकोरपणे करावा लागतो.

म्हणजे तिने वेळेत, नीट, सांगितल्याप्रमाणे गोळी घेतली होती आणि तरीही त्या गोळीवर भरवसा ठेवता येत नव्हता.

मेडिकलवाल्याला यात दोष देऊन भागणार नाही. ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते आणि मिळायलाच हवी. रात्री-अपरात्री बाईला डॉक्टर शोधत फिरावं लागू नये. आशाताईंकडेही सरकारी पुरवठ्यातली ‘इझी पिल’ नावाची हीच गोळी असते. पण गोळी हातात देताना “दुसरी कुठली गोळी चालू आहे का, फिटची, टीबीची?” हे एक वाक्य काउंटरवर विचारता येतं. नवरा आणायला गेला असेल तर त्यालाही विचारता येतं. इथे नवऱ्याला उत्तर माहीत होतं, कुणी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी अकराला ६० तास झाले होते. मी तिच्यासमोर दोन वाटा ठेवल्या. एक, तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर तातडीच्या सगळ्या उपायांत तीच सर्वांत भरवशाची. शंभरात एकीलाही गर्भ राहत नाही, आणि कार्बामाझेपीनचा तिच्यावर काही परिणाम होत नाही, कारण तिचं काम तांब्यावर चालतं, हार्मोनवर नाही. तिच्यासाठी मुदत होती शुक्रवार रात्रीपर्यंत. दुसरी वाट, ७२ तास संपायच्या आत, म्हणजे त्याच रात्री अकराच्या आत, लेव्होनॉरजेस्ट्रेलचा दुप्पट डोस, ३ मिलिग्रॅम. एन्झाइम वाढवणारी औषधं घेणाऱ्या आणि तांबी नको असलेल्या बाईला असा डोस सुचवला जातो, पण त्याने नक्की किती फायदा होतो हे सिद्ध नाही. हिचा पहिला डोस होऊन जवळजवळ दोन दिवस उलटले होते, म्हणून माझा कल स्पष्टपणे तांबीकडे होता आणि तो मी तिला सांगितला.

तिचा पहिला प्रश्न मला अपेक्षित होता. “मूल झालं नाही अजून. तांबी बसवता येते?”

येते. मूल न झालेल्या बाईलाही बसवता येते. बसवताना थोडं जास्त दुखू शकतं, पाळीत ओटीपोट दुखतं तसं, आणि पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं. त्याने पिशवी खराब होत नाही. काढली की लगेच दिवस राहू शकतात. ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते, पण दहा वर्षं ठेवलीच पाहिजे असं नाही. दोन वर्षांनी काढा, सहा महिन्यांनी काढा. सिव्हिलमध्ये ती मोफत बसवून मिळते. सज्ञान बाईच्या स्वतःच्या संमतीवर बसवली जाते, नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही.

दुसरा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. “मग मी फिटची गोळीच बंद करू का चार दिवस? म्हणजे ती दुसरी गोळी लागू पडेल.”

हा विचार किती सहज मनात येतो ते पाहून मी हादरले. चार दिवसांत एन्झाइम्स पूर्ववत होत नाहीत, आणि कार्बामाझेपीन अचानक सोडलं तर फिट परत येऊ शकते, लागोपाठही येऊ शकते. मी तिचा हात धरून सांगितलं, काहीही झालं तरी ही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. कागदावरही मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

तिने नवऱ्याला फोन केला. पंधरा मिनिटांत तो आला. नणंदेला “रक्त तपासायचंय, वेळ लागेल” असं सांगून रिक्षाने घरी पाठवलं. रक्त खरंच तपासायचं होतं. हिमोग्लोबिन १०.८ आलं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. तांबीनंतर रक्तस्राव वाढू शकतो, तेव्हा ही तयारी आधीच बरी.

गुरुवारी दुपारी चारला स्त्रीरोगतज्ज्ञांनी तांबी बसवली. त्याआधी लघवीची तपासणी केली, ती निगेटिव्ह. ही तपासणी रविवारच्या रात्रीबद्दल काही सांगत नाही, त्याआधीचा गर्भ नाही एवढंच सांगते. रविवारपासून ८९ तास झाले होते. पाच-सात मिनिटांचं काम. ती नंतर म्हणाली, “दुखलं, पण दाढ काढण्यापेक्षा कमी.” तांबीचा धागा कसा तपासायचा, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा असह्य दुखणं असेल तर कधी यायचं, ते सांगितलं.

मग प्रश्न उरला यलो फीव्हरच्या लशीचा. युगांडात शिरायला तिचं प्रमाणपत्र लागतं, आणि भारतात परत येताना ते नसेल तर सहा दिवस विलग ठेवलं जाऊ शकतं. ही लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते. टोचल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. तिने मुंबईच्या केंद्रावर पुढच्याच मंगळवारी नाव नोंदवलं होतं.

पण ही लस जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. गर्भारपणात ती शक्यतो टाळतात आणि टोचल्यावर चार आठवडे दिवस राहू देऊ नयेत असं सांगतात. पुढच्या मंगळवारी, म्हणजे संबंधानंतर नवव्या दिवशी, ती गरोदर आहे की नाही हे कुठलीच घरगुती तपासणी खात्रीने सांगू शकली नसती. खात्रीसाठी तीन आठवडे लागतात. तांबी बसवल्यावर शक्यता नगण्य होती, हे खरं. विमान दोन आठवड्यांवर असतं तर मी लस घ्यायलाच सांगितलं असतं. पण हाताशी वेळ असताना तो का वापरू नये? आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून मोजलं. रविवारपासून २२ व्या दिवशी, सोमवारी सकाळी लघवीची तपासणी. त्याच रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस. २३ व्या दिवशी, मंगळवारी मुंबईत लस. दहा दिवस धरून शुक्रवार, ३३ वा दिवस. विमान ३८ व्या दिवशी, बुधवारी. पाच दिवस हातात. केंद्राला फोन करून तारीख दोन आठवडे पुढे घेतली, लगेच मिळाली. (प्रमाणपत्रावर पासपोर्ट नंबर आणि नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे तिथेच, शिक्का पडायच्या आत बघून घ्यावं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचा गोंधळ इथे फार होतो.)

मलेरियाच्या गोळीचा निर्णय मी एकटीने घेतला नाही. मेफ्लोक्विन बाद झालं होतं. डॉक्सिसायक्लिनचीही अडचण होती, कार्बामाझेपीन तेही शरीरातून लवकर बाहेर काढतं, आणि गरोदरपणाची शंका मिटेपर्यंत ते नकोच. तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांना आणि पुण्यातल्या एका प्रवास-क्लिनिकला मी सविस्तर चिठ्ठी पाठवली. त्यांनी ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सुचवलं : जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायचं, तिथे रोज जेवणासोबत, परत आल्यावर आणखी सात दिवस. ते आम्ही आधीच मागवून ठेवलं. मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला लावायचं डासांचं मलम हे तर होतंच. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लशी, धनुर्वाताचा डोस इथेच दिला.

रविवारपासून अठराव्या दिवसाच्या सकाळपर्यंत पाळी आली नाही. अपेक्षा सोळाव्या-सतराव्या दिवसाची होती. तातडीच्या गोळीने पाळी मागेपुढे होते हे तिला दहा वेळा सांगितलं होतं, तरी ती रोज सकाळी सातला मेसेज करायची, “अजून नाही.” मीही रोज लगेच उत्तर द्यायचे. त्या तीन सकाळी तिला आकडेवारी नको होती, फोनच्या पलीकडे कुणीतरी जागं आहे एवढंच हवं होतं. अठराव्या दिवशी दुपारी पाळी आली, नेहमीपेक्षा जोरात. तरीही २२ व्या दिवशीची तपासणी आम्ही सोडली नाही, कारण या गोळीनंतर कधी कधी नुसतं डाग पडावेत तसं रक्त जातं आणि बाई त्याला पाळी समजून बसते. तपासणी निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी मुंबईत लस झाली. हात दोन दिवस दुखला, बाकी काही नाही.

नवरा आधीच कंपालाला परतला होता. जायच्या आधी ती शेवटची आली तेव्हा औषधांची बांधाबांध आम्ही टेबलावर केली. हिंगाची डबी मी काढून ठेवली. विमानतळावर नाव नसलेल्या सुट्या गोळ्या अडचणीत आणतात, शिवाय कार्बामाझेपीनच्या गोळीला ओल लागली की ती कडक होते आणि तिचा असर कमी होतो. मसाल्याच्या फळीवर, वाफेजवळ, दीड वर्ष. शेवटची फिट लग्नाआधीची होती हे नशीबच म्हणायचं. नव्या स्ट्रिपा, त्यावरचं नाव दिसेल अशा, चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. सामानाच्या बॅगेत नाही, ती हरवू शकते. कंपालाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. इथली रात्री नऊची गोळी तिथे साडेसहाला येते. मोबाईलवर तसा गजर लावला. रात्रीच्या विमानात झोपमोड झाली तर फिटचा धोका वाढतो, म्हणून आदल्या रात्री भरपूर झोप घ्यायला सांगितलं.

“घरी या स्ट्रिपा दिसल्या तर?” तिने विचारलं.

सासूबाईंना सांगायचं की नाही, हा निर्णय तिचा आहे. मी फक्त एवढं म्हटलं की सांगायचं ठरवलंस आणि सोबत कुणी हवं असेल, तर मी येईन किंवा त्यांना दवाखान्यात बोलाव, आजार काय असतो ते मी समजावीन. तिने मान हलवली, हो किंवा नाही म्हटलं नाही.

तीन महिन्यांनी ती परत आली. मलेरिया नाही, एकही फिट नाही. तांबी जागेवर, हिमोग्लोबिन ११.६. आता दोघांना मुलाचा विचार करायचा आहे. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, औषध तेच ठेवायचं की बदलायचं हे ते ठरवतील, त्यांच्याशी बोलून ५ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड सुरू केलं आहे. ते सगळं मार्गी लागेपर्यंत तांबी राहू द्यायची आहे. या वेळी ती एकटी आली होती आणि कागदावर ‘चालू औषधे’ या ओळीसमोर तिने स्वतःच्या अक्षरात दोन्ही नावं लिहिली होती.